भंडारदऱ्याचं चांदणं, तैलरंगात : प्रकल्प नोंदी

२३ नोव्हेंबर, परळ

कॅनव्हास आला. २४ × ३६ इंच, आडवा. विषय: भंडारदऱ्याचा जलाशय, रतनवाडीच्या काठावरून, चांदण्यात. चित्र मामांसाठी आहे. त्यांचं गाव अकोले तालुक्यातलं, शेंडीजवळचं. नोकरी सगळी मुंबईत झाली, बेस्टची बस चालवण्यात. घाटकोपरच्या घरी सोफ्यावरची भिंत त्यांनी या चित्रासाठी मोकळी केली आहे. पाणी कुठलं ते त्यांनी सांगितलं, वेळ मी निवडली.

प्रवरा रतनगडावर उगम पावते. शेंडीजवळ तिला विल्सन धरणाने अडवलं, ते काम १९२६ मध्ये पुरं झालं. म्हणजे डोंगरांच्या कोंडाळ्यातलं हे पाणी तसं अलीकडचं. पण मामांच्या लहानपणापासून ते तिथेच आहे, आणि त्यांच्या बोलण्यात गाव म्हटलं की आधी पाणी येतं, मग घर.

आज फक्त ग्राउंड, म्हणजे चित्राखालचा पहिला रंगीत थर. तयार कॅनव्हास पांढराशुभ्र असतो. त्यावर रात्र रंगवायला घेतली की लावलेला प्रत्येक रंग गडदच भासतो आणि हात आखडतो. म्हणून बर्न्ट सिएनामध्ये थोडा अल्ट्रामरीन घालून, टर्पेंटाइनने पातळ करून सगळीकडे फिरवला आणि फडक्याने पुसून घेतला. तांबूस तपकिरी रंग कापडाच्या विणीत बसला. वरून निळसर थर आले की फटींमधून हा तांबूसपणा दिसत राहील. निळ्यावर निळा चढवत गेलं तर रात्र निर्जीव होते, खाली ऊब हवी.

घर एका खोलीचं, आई त्याच खोलीत झोपते. त्यामुळे टर्पेंटाइन फक्त या पहिल्या थरांपुरतं, तेही दिवसा, खिडक्या सताड उघड्या ठेवून. ब्रश धुवायला करडईचं तेल, मग साबण. जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून टाकायची नाहीत. तेल हवेशी संयोग पावताना तापतं आणि फडकं आपोआप पेटू शकतं. ती पाण्याच्या डब्यात.

३० नोव्हेंबर

आज रंगांच्या पट्ट्या केल्या आणि त्यातच दिवस गेला. त्याचं वाईट वाटत नाही, कारण या चित्राचा अर्धा निकाल इथेच लागणार आहे.

चांदणं निळं, असं आपण धरून चालतो. पण चांदणं म्हणजे चंद्रावरून परतलेलं ऊनच. चंद्राची माती तांबडा-पिवळा उजेड निळ्यापेक्षा थोडा जास्त परत पाठवते, म्हणजे मोजलं तर चांदणं उन्हाहून किंचित पिवळं निघतं. निळेपणा आपल्या डोळ्यात तयार होतो. उजेड मंदावला की डोळ्यातल्या शंकूपेशी मागे पडतात आणि दंडपेशी काम हाती घेतात. त्यांना निळा-हिरवा उजेड चांगला जाणवतो, लाल जवळपास नाहीच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने हे टिपलं. कुंडीतल्या जास्वंदीकडे तिन्हीसांजेला बघितलं तर कुणालाही पटेल: फूल आधी काळं पडतं, पानं बराच वेळ दिसत राहतात.

अडचण अशी की चित्र बघणारा मात्र दिव्याच्या लख्ख उजेडात, शंकूपेशींनीच बघणार. त्याच्या डोळ्यात रात्र आपोआप होणार नाही, ती मला रंगातून करावी लागेल. म्हणून निळा हवा, पण राखाडीत मुरलेला. ट्यूबमधून काढलेला निळा तसाच लावला तर ते नाटकाच्या पडद्यावरचं चांदणं होईल.

काळा रंग पॅलेटवर घेतलाच नाही. अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी मिळून हवा तेवढा गडद रंग देतात. निळा वाढवला तर थंड, अंबर वाढवला तर उबदार, आणि अंबरमध्ये मँगनीज असल्यामुळे थर लवकर वाळतो. प्रशियन ब्ल्यू सुरीच्या टोकावर मावेल एवढाच, तोही फक्त पाण्यात. तो जिथे जातो तिथे बाकी सगळ्यांना गिळतो.

मग उजेडाची पट्टी, नऊ पायऱ्यांची. दुपारचं ऊन पौर्णिमेच्या चांदण्याच्या सुमारे चार लाख पट असतं, आणि चांदण्यातही चंद्राचं बिंब नि झाडाखालचा काळोख यांच्यात प्रचंड अंतर आहे. माझ्या टिटॅनियम व्हाइट आणि गडद मिश्रणात त्यामानाने फारच थोडं. तेव्हा वाटणी काटेकोर हवी. पहिली पायरी फक्त बिंबाला. दुसरी-तिसरी पाण्यावरच्या उजेडाला. चंद्राजवळचं आभाळ पाचवी. बाकी सगळं चित्र सहा ते नऊ या चार पायऱ्यांत. तीन चतुर्थांश चित्र या चार पायऱ्यांत बसवणं, हेच खरं काम.

४ डिसेंबर, रतनवाडी

दादरहून कसारा लोकल, पुढे जीपने घोटी, मग शेंडी आणि जलाशयाला वळसा घालून इथे. आज मार्गशीर्ष पौर्णिमा, दत्तजयंती. राहायची सोय गावातल्या एका मावशींकडे.

पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्यास्तालाच उगवतो. आज तर सूर्य मावळायच्या आधीच वर आला. आभाळात संध्याकाळचा उजेड होता तोवर चांदणं असं जाणवलंच नाही, आणि पुरता अंधार झाला तेव्हा चंद्र बराच चढून गेला होता. शिवाय हा हिवाळ्यातला चंद्र. सूर्य दक्षिणेकडे खाली असतो तेव्हा त्याच्या समोरचा पौर्णिमेचा चंद्र उत्तरेकडे कलून थेट डोक्यावर जातो. उन्हाळ्यातला दक्षिणेकडे कलून बराच खालून जातो, तसा हा नाही.

मला डोंगराच्या धारेपासून थोडा वर आलेला चंद्र हवा आणि आभाळ पूर्ण काळोखलेलं हवं. तो योग पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येतो, कारण चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. म्हणून आज फक्त जागा पक्की केली. उजेड असताना ईशान्येकडे तोंड करून डोंगरांच्या रेषा पेन्सिलने उतरवल्या. कळसूबाईचं शिखर, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच, माझ्या चौकटीबाहेर डावीकडे राहतं. चौकटीत येतात त्याच्या रांगेच्या पूर्वेकडे उतरत जाणाऱ्या डोंगरधारा, धरणाच्या बाजूच्या टेकड्या आणि मधलं पाणी. मागे रतनगड, अर्थातच दिसणार नाही. अमृतेश्वराचं देऊळही पाठीमागे.

५ डिसेंबर, रतनवाडी, रात्र

सात वाजल्यापासून काठावर. पहिला अर्धा तास काहीही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिलं तरी ती कमाई जाते. टॉर्चला लाल जिलेटिन पेपर बांधला आहे. लाल उजेडाने दंडपेशी दिपत नाहीत, तेवढ्यात वहीत लिहिता येतं.

बघितलं ते असं:

डोंगर आपल्याकडे पाठ करून उभे आहेत. चंद्र त्यांच्या मागून येतो, म्हणजे आपल्याला दिसते ती सावलीची बाजू. कपारी, झाडी, वाटा, दिवसा कागदावर उतरवलेलं काहीच नाही. एकावर एक सपाट आकार. लांबचा सर्वांत फिका, कारण मध्ये धुकट हवा आहे आणि ती चांदण्याने भरली आहे. जवळचा सर्वांत गडद. पण तोही काळा नाही, त्याच्या पायथ्याशी पाण्यावरचा दमट पांढुरका पट्टा आहे आणि तिथे डोंगराची कडा विरते.

एखाद्या झाडाकडे रोखून बघितलं की ते नाहीसं होतं. जरा बाजूला बघितलं की परत येतं. डोळ्याच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतातच, त्याचा हा परिणाम. चित्रासाठी याचा अर्थ मोठा आहे: रात्रीच्या दृश्यात कुठेही तीक्ष्ण कडा नाही, बिंब आणि पाण्यावरच्या ठिणग्या सोडून.

पाण्यावरची उजेडाची वाट. वारा पडला होता तेव्हा खाली चंद्राचं दुसरं बिंब, थोडं लांबट. वाऱ्याची झुळूक आली की ते फुटून उभा पट्टा होतो, थेट माझ्या पायांपर्यंत. प्रत्येक लाटेचा जो उतार चंद्राला माझ्या डोळ्यात पाठवू शकतो तोच चमकतो. म्हणून ही वाट नेहमी बघणाऱ्याकडेच येते. मी काठाने बाजूला चालत गेले तर ती बरोबर आली. पलीकडच्या काठाशी ठिणग्या इतक्या दाट की अखंड रेघ वाटते. मधल्या भागात तुटक, आडव्या. पायांशी एखादीच, पण मोठी.

वाटेच्या दोन्ही बाजूंचं पाणी आभाळापेक्षा गडद. डोंगराचं प्रतिबिंब डोंगरापेक्षा किंचित फिकं. हे दोन्ही दिवसाही असंच असतं, पण रात्री ते जाणवतं जास्त.

चंद्राभोवती तांबूस-पिवळसर उजळी, बोटभर रुंद, मग राखाडी, मग निळं. तारे थोडेच. उजवीकडे मृग वर आलेला. मार्गशीर्ष हे नाव ज्याच्यावरून पडलं तेच नक्षत्र, आणि आज चंद्र त्याच भागात आहे. चौकटीत ते येत नाही.

मोबाइलने एक फोटो घेतला, फक्त धारेची रेषा तपासायला. नाइट मोड बराच वेळ उजेड गोळा करतो आणि रात्रीचा दिवस करतो. गवत हिरवं, आभाळ आकाशी, पलीकडच्या काठावरचे तंबू नारिंगी. हे मी बघितलेलं नाही. हा फोटो इझलजवळ ठेवणार नाही.

दव इतकं पडलं की वहीची पानं ओली झाली.

७ डिसेंबर, परळ

रेखाटन कॅनव्हासवर. क्षितिज, म्हणजे पलीकडचा काठ, खालून साधारण दोन पंचमांश उंचीवर. चंद्र उजव्या बाजूच्या तृतीयांशात. बिंबाचा आकार हिशेबाने काढला: चंद्र आभाळात जेमतेम अर्धा अंश जागा घेतो. माझी चौकट ६० अंशांची आहे आणि कॅनव्हास ९१ सेंटिमीटर रुंद, म्हणजे बिंब ७ मिलिमीटर. रुपयाच्या नाण्याएवढा चंद्र काढला असता तर समोरचं पाणी तळ्याएवढं झालं असतं. मात्र डोंगराजवळचा चंद्र मनाला मोठा भासतो, हेही खरं. ९ मिलिमीटर धरला. त्यापलीकडे नाही.

अंबर आणि अल्ट्रामरीनचा पातळ थर देऊन सगळे गडद आकार बसवले. उजेडाच्या जागी ग्राउंड तसंच ठेवलं.

१४ डिसेंबर

आभाळ. एका बैठकीत, ओल्यावर ओलं. चंद्राभोवती यलो ऑकर (मातकट पिवळा), पांढरा आणि कणभर सिएना. तिथून बाहेर पाचव्या पायरीपासून आठव्यापर्यंत. मोठा हॉग ब्रश (डुकराच्या राठ केसांचा), उलटसुलट तिरपे फटकारे, मग कोरड्या मऊ ब्रशने सांधे पुसले. कोपऱ्यांमध्ये खालचा तांबूस रंग थोडा डोकावतो आहे. तो तसाच राहू दे.

२१ डिसेंबर

आभाळ हाताला लागत नाही इतपत वाळलं. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, म्हणून घाई चालत नाही आणि खालच्या थरापेक्षा वरच्यात तेल जास्त हवं. उलट केलं तर वरचा थर आधी आवळतो आणि तडे जातात. आजपासून मिश्रणात जवसाच्या तेलाचे थेंब.

डोंगर तीन थरांत: लांबचा सहा, मधला सात, जवळचा आठ. पायऱ्या इतक्या जवळ आहेत की पॅलेटवर शेजारी ठेवल्याशिवाय फरक कळत नाही. गडद रंगात उजेड कमी-जास्त न करता थंड-उबदार फरक ठेवला, तर डोंगर वेगळे होतात आणि रात्रही मोडत नाही. लांबचा निळसर, मधला जांभळट, जवळचा अंबरकडे झुकलेला. चित्रातली मला सर्वांत आवडलेली जागा आत्तापर्यंत हीच आहे.

धारेच्या कडा ओल्या असतानाच कोरड्या ब्रशने हलवल्या. पायथ्याचं धुकं म्हणजे नुसता खरडलेला राखाडी रंग, अर्धपारदर्शक.

२५ डिसेंबर

पाणी आणि त्यावरची वाट. पाण्याचा तळरंग आडव्या फटकाऱ्यांनी, प्रशियन ब्ल्यू अंबरमध्ये मारून. वाटेसाठी पांढऱ्यात ऑकर. नुसता टिटॅनियम थंड आणि खडूसारखा दिसतो. लांबच्या ठिणग्या बारीक ब्रशने दाट, मधल्या सपाट ब्रशच्या कडेने तुटक, जवळच्या पॅलेट नाइफने जाड. जाड रंगाचा उंचवटा खोलीतला उजेड पकडतो आणि बघणारा हलला की चमक हलते. पाण्याला तेच हवं.

ठिणग्यांमध्ये सारखेपणा येऊ नये म्हणून दर थोड्या वेळाने कॅनव्हास उलटा करून बघितला.

२८ डिसेंबर

मामा आले. बराच वेळ उभे राहून बघितलं. मग पहिला प्रश्न, जो येणार हे मला माहीत होतं.

“कळसूबाई कुठंय गं?”

“ती डावीकडे राहते मामा, चौकटीच्या बाहेर. तुम्हीच सांगा ना, रतनवाडीच्या काठावरून धरणाकडे तोंड केलं तर समोर दिसते का?”

“नाही दिसत,” ते म्हणाले. “मान वळवायला लागते.” आणि तो विषय त्यांनी सोडला. मी काढायला तयार झाले असते तरी मला वाटतं त्यांना ती खोटी जागा खटकली असती.

मग ते खाली वाकले आणि पुढच्या भागाकडे बोट केलं. तिथे मी काठ रंगवला होता: चिखलाची कडा, दोन दगड, गवताचे पुंजके, पाण्याची सुरुवात दाखवणारी फिकट रेघ.

“हे एवढं दिसत नाही रात्रीचं. काठाजवळ पाणी कुठं सुरू होतं ते कळतच नाही. चप्पल भिजली की कळतं.”

ते लहानपणी त्या काठाने रात्री चाललेले आहेत, मी दोन रात्री बसून आले. वही काढून बघितली: माझ्या नोंदीतही त्या कडेबद्दल एक शब्द नाही. दगड आणि गवत दुपारच्या रेखाटनातून आले होते.

३ जानेवारी

पौष पौर्णिमा. रात्री इमारतीच्या गच्चीवर गेले, काठाचा प्रश्न डोक्यात घेऊन. मुंबईत डोळा अंधाराला सरावतच नाही. सगळीकडून दिवे, टॉवरच्या माथ्यावरचे लाल, उड्डाणपुलाचे पांढरे, आणि वरती धुरकट नारिंगी आभाळ. चंद्र सुंदर होता, पण त्याचं चांदणं जमिनीपर्यंत पोचत नव्हतं. इथे वाढलेल्या माणसाने चांदण्याचं पाणी कधी पाहिलेलंच नसतं, हे गच्चीवर उभं राहून लख्ख कळलं. म्हणजे चित्र बघणाऱ्या मामांच्या नातवंडांना ओळखीची खूण देता येणार नाही, त्यांना हे पहिल्यांदाच दिसणार. तेव्हा ते जसं असतं तसंच हवं, दगड-गवताचा आधार न देता.

११ जानेवारी

पुढचा भाग नव्याने. जुना थर वाळला होता. आधी जवसाचं तेल अगदी पातळ चोळून पुसून घेतलं. गडद जागा वाळल्यावर मिटतात, निस्तेज होतात, आणि त्यांचा खरा गडदपणा कळत नाही. तेल चोळलं की तो परत येतो आणि नवा रंग त्याच्याशी जुळवता येतो.

मग बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीनचं ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर, दगडांवरून, गवतावरून, पाण्याच्या रेघेवरून, सगळीकडे एकच. काठ आणि पाणी दोन्ही नवव्या पायरीवर. आता जमीन कुठे संपते ते डोळ्याला सापडत नाही. उजेडाची वाट अंधारात येऊन जिथे थांबते, तिथेच फक्त पाणी असल्याचं कळतं. पायांशी असलेली मोठी ठिणगी त्यासाठी थोडी खाली सरकवली.

या बदलाने चित्राचा वरचा भाग आपोआप उजळला. आभाळाला मी हातही लावलेला नाही. खालचा एक पंचमांश भाग बुडवला आणि डोंगरांमधलं धुकं पुढे आलं.

१८ जानेवारी

चित्र घाटकोपरला नेऊन भिंतीवर धरून बघितलं. तिथे पांढरी एलईडी ट्यूब आहे, थंड उजेडाची. तिच्याखाली आभाळाचा निळा चढला आणि चंद्राजवळची तांबूस उजळी जवळजवळ गेली.

इथे मला आर्खिप कुइंजी आठवला. या चित्रकाराने १८८० मध्ये सेंट पीटर्सबर्गला नीपर नदीवरच्या चांदण्या रात्रीचं एकच चित्र मांडलं होतं: दालनात अंधार, आणि उजेड फक्त चित्रावर. चित्रामागे दिवा लपवला आहे का हे लोक बघायला जात, असं सांगतात. चांदण्याच्या चित्राला कुठला उजेड मिळतो हा चित्राचाच भाग आहे, हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या रंगात डांबरी द्रव्य असल्यामुळे ते चित्र पुढे काळवंडलं. असलं काही मी पॅलेटवर येऊ दिलेलं नाही.

मामींना विचारलं, चित्रावर वेगळा दिवा चालेल का. “पिवळा बल्ब लावू की. रात्री टीव्ही बघताना तोच बरा,” त्या म्हणाल्या. जागा ठरली, वायरिंग वरून येईल. तरीही ट्यूबखालीही चित्र उभं राहायला हवं, म्हणून घरी आणून उजळीवर सिएनाचं एक अतिपातळ ग्लेझ दिलं.

२५ जानेवारी

ग्लेझ वाळलं. मिटलेल्या जागा सारख्या दिसाव्यात म्हणून रिटच वार्निशचा, म्हणजे पातळ, तात्पुरत्या वार्निशचा हलका हात. पूर्ण वार्निश आत्ता नाही. जाड ठिणग्या आतून वाळायला सहा महिने ते वर्ष लागतं, आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत वार्निश लावलं तर ते धुरकट होतं. ऑक्टोबरमध्ये, पाऊस गेल्यावर.

मामांना सांगून ठेवलं आहे: भिंत आणि कॅनव्हास यांच्यामध्ये बुचाचे तुकडे लावून हवा खेळती ठेवायची, पावसाळ्यात बुरशी मागून येते. आणि चित्र कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवायचं नाही. जवसाचं तेल अंधारात पिवळं पडतं, उजेडात पुन्हा बरंच निवळतं. मागच्या पट्टीवर पेन्सिलने जागा, तिथी आणि वापरलेल्या रंगांची नावं लिहिली. टेम्पो संध्याकाळी पाच वाजता.